अहवालातून निसटलेली ओल

नवी मुंबई मेट्रो बेलापूरहून सुटली की आरबीआय कॉलनीच्या पुढचं स्थानक बेलपाडा. एका अंगाला खारघरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला महामार्गापलीकडे खाडीकडे उतरत गेलेली जमीन. इथे, म्हणजे रायगड जिल्ह्यात, पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हे पाणी वाहून न जाता जागच्या जागी साचलं, तर तळमजल्याची खोली जमिनीपासून छतापर्यंत भरेल. एवढा पाऊस इथल्या प्रत्येक बाहेरच्या भिंतीवर आपटतो आणि आत शिरायला एक केसाएवढी फट शोधत राहतो.

माणसं मात्र घर बघायला निघतात ती बहुधा दिवाळी ते अक्षय्य तृतीयेच्या दरम्यान. फेब्रुवारीत पाहिलेली भिंत कोरडी असते. तपासणाऱ्यानेही अहवालात ‘ओल आढळली नाही’ असं लिहिलेलं असतं, आणि ते त्या दिवसापुरतं खरंही असतं. जुलैत बेडरूमच्या कोपऱ्यात पिवळट डाग उमटतो, ऑगस्टमध्ये रंगाचे पोपडे सुटतात, गणपतीच्या आधी छताच्या एका रेषेत भेग दिसू लागते.

अशा वेळी घरातले पहिला फोन रंगाऱ्याला करतात. माझं सगळं म्हणणं या एका फोनभोवती आहे. तो डाग, ते पोपडे, ती भेग हा भिंतीने स्वतःच्या हाताने लिहिलेला पुरावा असतो. दोष किती जुना, कुठून आला, तपासणाऱ्याला तो दिसायला हवा होता की नाही आणि दुरुस्तीचे पैसे कोणी द्यायचे, या सगळ्याची उत्तरं त्यात असतात. वाचायच्या आधीच त्यावर पुट्टी फिरवली, तर ती उत्तरं कायमची गेली.

तपासणी कोणाची, हे आधी पाहू. ब्रिटनमध्ये घर घेणारा स्वतःच्या पैशाने सर्वेअर नेमतो. आपल्याकडे गृहकर्ज काढताना बँक मूल्यांकनकार पाठवते. त्याची फी आपल्याच खिशातून जाते, आणि आपल्याला वाटतं, चला, घर तपासून झालं. तो आलेला असतो बँकेच्या तारणाची किंमत ठरवायला. क्षेत्रफळ, आजूबाजूचे दर, इमारतीचं वय, मंजूर नकाशा एवढं पाहून तो जातो. त्याचा अहवाल बहुतेक वेळा घर घेणाऱ्याच्या हाती पडतही नाही. दुसरी तपासणी सोसायटीची, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ते व्हायला हवं. पण ते साऱ्या इमारतीच्या तब्येतीचं असतं, तुमच्या बाथरूमच्या नहाणीचं नसतं. तिसरी तपासणी खऱ्या अर्थाने तुमची: तुम्ही फी देऊन, लेखी काम सांगून नेमलेल्या इंजिनीअरने केलेली. दोष निसटला तर जाब विचारायचा रस्ता या तिन्हींच्या बाबतीत वेगवेगळा आहे.

आता दोष लपतो कसा ते पाहू. या विषयातलं सगळ्यात मोठं आश्चर्य इथेच आहे.

लोखंडाची सळई अंगणात उघडी टाका. पहिल्या पावसात ती तांबूस होते. तीच सळई काँक्रीटच्या पोटात पन्नास पन्नास वर्षं काळीभोर राहू शकते, तेही काँक्रीट सच्छिद्र असून आणि त्या छिद्रांत पाणी असून. याचं कारण चुना. सिमेंट पाण्याशी मिसळून घट्ट होताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं, आणि छिद्रांतल्या पाण्याचा पीएच साडेबारा-तेराच्या घरात जातो. इतक्या अल्कधर्मी पाण्यात लोखंडावर ऑक्साइडचा एक पापुद्रा धरतो. त्याची जाडी काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागाएवढी. सात मजली इमारतीतल्या प्रत्येक सळईचं रक्षण हा पापुद्रा करतो. शिवाय उन्हाने काँक्रीट आणि लोखंड जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात; तसं नसतं, तर दर उन्हाळ्यात दोघं एकमेकांपासून सुटत गेले असते आणि आरसीसी नावाची गोष्टच उभी राहिली नसती. निसर्गाने दिलेले हे दोन योगायोग आहेत, आणि आपण त्यांच्या भरवशावर निर्धास्त झोपतो.

हा पापुद्रा मोडतो कसा? हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के. पण तो काँक्रीटच्या छिद्रांतून आत सरकतो, चुन्याशी मिळून कॅल्शियम कार्बोनेट बनवतो आणि पीएच नऊच्या खाली उतरवतो. सळईपर्यंत ही सीमा पोचली की पापुद्रा विरघळतो. मग पाणी आणि प्राणवायू मिळाला की गंज सुरू. गंजाला मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा लागते. ती जागा तो आतून ढकलून मिळवतो. छताच्या खाली सरळ रेषेत जाणारी भेग दिसते ती बहुतेक वेळा सळईच्याच रेषेत असते. आतला गंज वरच्या थराला बाहेर लोटत असतो. खाडीकाठच्या हवेतला क्षार तर पीएच उतरायचीही वाट पाहत नाही; क्लोराइड सळईपर्यंत पोचलं की पापुद्र्याला जागोजाग भोकं पाडतं.

यातला सगळ्यात विलक्षण भाग वेळेचा आहे. कार्बन डायऑक्साइड जसजसा खोल जातो तसतसा मंदावतो. त्याची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दहा वर्षांत तो दहा मिलिमीटर आत गेला असेल, तर वीस मिलिमीटर जायला त्याला वीस नाही, चाळीस वर्षं लागतात. आता उलट बाजूने पाहा. सळईवर काँक्रीटचं वीस मिलिमीटरचं आवरण हवं होतं आणि कव्हर ब्लॉक न लावल्यामुळे ते दहाच भरलं, तर तिचं सुरक्षित आयुष्य अर्ध्यावर येत नाही, पावावर येतं. स्लॅब भरण्याच्या दिवशी एका माणसाने जाळीखाली ठोकळे सरकवले नाहीत, म्हणून तीस वर्षं गेली. आयएस ४५६ या भारतीय मानकाच्या १९७८ च्या आवृत्तीत स्लॅबला किमान १५ मिलिमीटर आवरण चालत असे. २००० सालच्या आवृत्तीत सौम्य हवेसाठी २० मिलिमीटर, पण किनारपट्टीच्या उघड्या हवेसाठी ४५ मिलिमीटर सांगितलं आहे. एवढा फरक मानकात पडला तो जुन्या इमारतींनी दिलेल्या अनुभवामुळे. वाशीत, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने १९८० च्या दशकात बांधलेल्या जेएन-१ आणि जेएन-२ प्रकारच्या इमारतींतल्या रहिवाशांनी छताचे तुकडे पडताना वर्षानुवर्षं पाहिले आहेत. पुनर्विकासासाठी त्यांना किती झगडावं लागलं, हे नवी मुंबईत सर्वांना ठाऊक आहे.

आता तपासणाऱ्याच्या हातातल्या हत्याराकडे या. स्विस इंजिनीअर एर्न्स्ट श्मिट याने १९५० च्या सुमारास रिबाउंड हॅमर प्रचारात आणला. नळीसारखं दिसणारं हे यंत्र भिंतीवर दाबलं की आतला स्प्रिंगचा हातोडा आपटून मागे उसळतो. जितका जास्त उसळतो तितका पृष्ठभाग टणक. माठ विकत घेताना आपण तो वाजवून बघतो, तीच रीत. स्ट्रक्चरल ऑडिट म्हटलं की हे यंत्र आलंच.

पण कॅल्शियम कार्बोनेट काँक्रीटची छिद्रं भरून टाकतं, त्यामुळे कार्बोनेट झालेली कातडी आधीपेक्षा टणक होते. म्हणजे ज्या जागी सळईचं संरक्षण संपत आलं आहे, नेमक्या त्याच जागी हातोडा जास्त उसळतो आणि आकडा चांगला दाखवतो! जुन्या इमारतीत फक्त या हातोड्यावर विसंबलेला अहवाल ‘समाधानकारक’ म्हणतो, आणि दोन पावसाळ्यांनी छत सोडू लागतं. तपासणाऱ्याने खोटं लिहिलेलं नसतं. त्याच्या यंत्राला फक्त कातडी कळली. १९९२ च्या भारतीय मानकातही (आयएस १३३११, भाग २) स्पष्ट म्हटलं होतं की या पद्धतीने काढलेल्या मजबुतीच्या अंदाजात २५ टक्के इकडेतिकडे होऊ शकतं.

उलट, आठवी-नववीच्या प्रयोगशाळेतलं फिनॉल्फ्थलीन ही लपलेली सीमा उघडी करतं. काँक्रीटचा छोटा तुकडा ताजा फोडायचा आणि त्यावर हे द्रावण शिंपडायचं. जिथे चुना शाबूत आहे तिथे गडद गुलाबी रंग येतो, जिथे कार्बोनेट झालं तिथे काही होत नाही. गुलाबी कुठे सुरू होतं ते फूटपट्टीने मोजायचं, सळई किती खोल आहे ते कव्हर मीटरने मोजायचं, आणि दोन आकडे शेजारी लिहायचे. त्या इमारतीचं भविष्य त्या दोन आकड्यांत असतं. काही रुपयांचं रसायन हे सांगतं, यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही.

आणखी दोन परीक्षा आहेत. चांगल्या काँक्रीटमधून ध्वनी सेकंदाला चार किलोमीटरच्या आसपास धावतो, म्हणजे हवेतल्यापेक्षा दहा पटींहून वेगात. आत पोकळी असेल तर त्याला वळसा घालावा लागतो आणि पोचायला उशीर होतो. अल्ट्रासॉनिक परीक्षेत हा उशीर मोजतात. १९९२ च्या मानकात वेग साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगलं आणि तीनच्या खाली असेल तर शंकास्पद धरलं होतं. दुसरी हाफ-सेल परीक्षा: गंजणारी सळई म्हणजे एक नकळत चालणारी बॅटरी असते, तिचा विद्युतदाब भिंतीच्या बाहेरून मोजता येतो. कॉपर सल्फेटच्या इलेक्ट्रोडने तो उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे दिसला, तर गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त धरतात. भेग पडण्याआधी, डाग येण्याआधी हे कळतं. यातली प्रत्येक परीक्षा फक्त एकेका प्रश्नाचं उत्तर देते. म्हणून अहवालात ‘चाचण्या केल्या, निकाल समाधानकारक’ एवढंच असेल तर विचारायचं: कुठली चाचणी, किती जागी, आणि प्लास्टर काढून की प्लास्टरवरूनच?

पाण्याबद्दल थोडक्यात. डाग दिसतो तिथून पाणी आत येतं, असं क्वचितच असतं. गच्चीवरच्या ब्रिकबॅट कोब्यात शिरलेलं पाणी उतार धरून कितीतरी फूट सरकतं आणि दुसऱ्याच खोलीत उतरतं. वरच्या घरातल्या बाथरूमची गळती तपासायला नहाणी बंद करून पाणी भरून ठेवतात, हवं तर रंग मिसळून, आणि एक-दोन दिवस खालचं छत पाहतात. डाग पावसात वाढतो की बारा महिने सारखा असतो, एवढी नोंद ठेवली तरी अर्धं निदान होतं. पहिला बाहेरच्या भिंतीचा किंवा गच्चीचा, दुसरा नळ-नहाणीचा. भिंतीच्या पायथ्याशी पांढरा लोणा फुटला असेल, तर पाणी आतून क्षार घेऊन बाहेर येतं आहे आणि वाफ होऊन क्षार मागे ठेवतं आहे. तो थर जाड असेल तर हे एका पावसाचं काम नाही. घर घेतल्यावर दोनच महिन्यांत तुम्हाला जाड लोणा दिसला, तर तो तुमच्या आधीपासून आहे.

भेगांचंही तसंच. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी भेग पाया असमान खचल्याची असू शकते, आणि भराव टाकून सपाट केलेल्या जमिनीवर ही शंका घ्यायलाच हवी. विटा आणि बीम जिथे भेटतात तिथली आडवी बारीक भेग बहुधा निरुपद्रवी असते. ती वाढते आहे का, हे कळायला जुने इंजिनीअर भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी पक्की चिकटवत आणि तिच्यावर तारीख घालत. पट्टी तडकली तर भिंत हलते आहे. आजही यापेक्षा स्वस्त आणि सच्चा साक्षीदार नाही.

तर दोष दिसला की काय करायचं? त्या जागेचे फोटो, तारीख दिसेल असे, मोजपट्टी शेजारी ठेवून. पावसाच्या दिवसांची नोंद. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीची खूण आणि तारीख. निघालेले पोपडे, गंजलेल्या सळईचा सुटलेला तुकडा पिशवीत घालून ठेवा. मग जुना अहवाल काढून सावकाश वाचा, विशेषतः शेवटचं पान, जिथे ‘फर्निचर हलवलं नाही’, ‘फॉल्स सीलिंगच्या वर पाहिलं नाही’, ‘केवळ दृश्य पाहणी’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. दोष त्या वगळलेल्या जागेत असेल, तर तपासणाऱ्यावरचा दावा तिथेच कमकुवत होतो. त्यानंतर दुसऱ्या, संबंध नसलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा आणि त्याच्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: दोष काय आहे, तो साधारण किती जुना आहे, आणि पहिल्या तपासणीच्या दिवशी तो सर्वसाधारण काळजीने दिसण्याजोगा होता का. तिसरी ओळ सोन्याच्या मोलाची आहे. समोरच्या पक्षाला लेखी कळवून जागा पाहायची संधी द्या, आणि ते पत्र पोहोचल्याचा पुरावा मिळेल अशा टपालाने पाठवा. तोवर गळती आवरायला ताडपत्री, तात्पुरतं सील, छताला टेकू हे जरूर करा. भारतीय करार कायद्याचं ७३ वं कलम नुकसान वाढू न देण्याची अपेक्षा ठेवतंच. कायमची दुरुस्ती तेवढी पुरावा नोंदवून झाल्यावर.

आता पैसे कोणी द्यायचे. माणसाने हा प्रश्न लिहून ठेवला त्याला पावणेचार हजार वर्षं झाली. बॅबिलोनच्या हम्मुराबीच्या संहितेत २३३ वा नियम आहे: बांधणाऱ्याने बांधलेल्या घराची भिंत कलली, तर त्याने स्वतःच्या खर्चाने ती पक्की करून द्यावी. ज्या काळ्या दगडावर हा नियम कोरला आहे तो आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात उभा आहे. आणि आपल्या २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १४(३) काय म्हणतं? ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा, कारागिरीचा, दर्जाचा वा सेवांचा दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तीस दिवसांत, जादा पैसे न घेता तो दुरुस्त करायचा. न केल्यास भरपाई द्यायची. मधल्या एवढ्या शतकांत माणसाची अपेक्षा बदललेली नाही, हे वाचताना मला दर वेळी भरून येतं.

या कलमात एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ‘अलॉटी’मध्ये पहिल्या खरेदीदाराकडून पुढे घर विकत घेणाराही येतो. म्हणजे बेलपाड्यात तीन वर्षांची जुनी सदनिका रिसेलमध्ये घेतली, तरी उरलेली दोन वर्षं बिल्डर तुम्हाला बांधील आहे. तक्रार महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, ऑनलाइन करता येते, फी पाच हजार रुपये. मात्र मधल्या काळात बाथरूम तोडून नव्या टाइल्स घातल्या असतील, तर बिल्डर पहिलं बोट त्याकडेच दाखवणार. म्हणून कामाआधीचे फोटो जपा. रेराच्या आधीच्या इमारतींना १९६३ चा मोफा कायदा लागू होतो, त्यात ही मुदत तीन वर्षांची आहे. घर सिडकोसारख्या संस्थेने बांधलेलं असेल तरी ग्राहक म्हणून दाद मागता येते. सरकारी संस्थेने घरं बांधून देणं हीदेखील सेवाच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ साली ठरवून टाकलं.

रिसेलच्या घरात विकणाऱ्याचीही जबाबदारी असते. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याचं कलम ५५ सांगतं की करारात वेगळं ठरलं नसेल, तर विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने न कळणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणं ही फसवणूक, असंही तेच कलम शेवटी म्हणतं. त्याला ठाऊक होतं, हे दाखवायचं कसं? सोसायटीच्या ऑफिसात जा. गळतीबद्दल त्याने सेक्रेटरीला लिहिलेलं जुनं पत्र, सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात त्याच्या फ्लॅटचा उल्लेख, वरच्या घराशी झालेल्या भांडणाचा कागद, यातलं काहीतरी फाइलमध्ये सापडतं. विक्रीच्या महिनाभर आधी मारलेलं पीओपी बोलत नाही, पण त्या पीओपीचं बिल बोलतं. फसवणूक लपवली गेली असेल, तर मुदत कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे मुदतीचं घड्याळ ती उघड झाल्यापासून, किंवा काळजी घेतली असती तर ती ज्या दिवशी उघड झाली असती तिथपासून सुरू होतं. बाहेरच्या भिंती आणि गच्ची हा सोसायटीचा भाग. तिथून आलेली गळती सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते, हे नवख्या सभासदाला अनेकदा सांगितलंच जात नाही.

आणि खुद्द तपासणारा? त्याच्याकडून सर्वज्ञतेची अपेक्षा कायदा ठेवत नाही. त्याच्या धंद्यातल्या सर्वसाधारण कुशल माणसाएवढी काळजी मात्र मागतो. इंग्लंडमधला १९८९ चा एक निकाल इथे वाचण्यासारखा आहे. नॉरिच शहरातल्या एका साध्या घराची पाहणी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या सर्वेअरने केली. मोठी दुरुस्ती लागणार नाही, असं लिहिलं. त्या घरात आधीच्या कोणीतरी चिमणीचा खालचा भाग काढून टाकला होता आणि वरचं बांधकाम आधाराविना लटकत होतं. वरचा भाग दिसत असताना, त्याला खाली आधार कशाचा हे त्याने पाहिलं नाही. वर्ष-दीड वर्षात ते विटांचं ओझं छत फोडून खाली आलं. अहवालात ‘आम्ही जबाबदार नाही’ असं छापलेलं होतं. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, ते मानलं नाही: फी खरेदीदार बाईंनी भरली होती, साधं घर घेणारी माणसं याच अहवालावर विसंबतात, हे सर्वेअरला माहीत होतं. त्याच सुमाराच्या दुसऱ्या एका निकालात न्यायाधीशांनी म्हटलं की संशयाची खूण दिसली तर तिचा माग काढलाच पाहिजे, आणि त्याला दोन तास लागत असतील तर दोन तास द्यावेत. आपल्या न्यायालयांवर हे निकाल बंधनकारक नाहीत, पण प्रश्न विचारायची ही रीत आपल्यालाही घेता येते. तुमच्या तपासणाऱ्याला खूण दिसली होती का? दिसली असून त्याने माग सोडला का?

भरपाई किती, याचंही उत्तर अनपेक्षित असतं. १९५६ सालच्या फिलिप्स विरुद्ध वॉर्ड या खटल्यात घर २५ हजार पौंडांना घेतलं होतं, दोष धरून त्याची किंमत २१ हजार होती आणि दुरुस्तीला सात हजार लागणार होते. सर्वेअरकडून मिळाले चार हजार. चुकीच्या सल्ल्याने तुम्ही जितके जास्त मोजले तेवढेच त्याने द्यायचे. नवं घर बांधून देण्याची हमी त्याने घेतलेली नव्हती. म्हणून दावा करताना दुरुस्तीच्या अंदाजपत्रकासोबत मूल्यांकनकाराचा ‘दोषासह किंमत’ हा दाखलाही जोडा. आपल्याकडे अशा तपासणाऱ्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं. रायगडचा जिल्हा आयोग अलिबागला आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या आयोगातही तक्रार देता येते. मुदत दोन वर्षं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

एका बाबतीत मात्र हे सगळे कागद बाजूला ठेवायचे. २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी आपल्याच जिल्ह्यात महाडला तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. १६ माणसं गेली. चार वर्षांचा एक मुलगा १९ तासांनी ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. महापालिका अधिनियमाच्या २६५ए कलमाची सक्ती तीस वर्षांवरच्या इमारतींना आहे, सोसायटीचं ऑडिट पंधरा वर्षांनंतर सुरू होतं. तारिक गार्डन या दोन्ही जाळ्यांच्या कितीतरी आधी पडली. नवी इमारत म्हणजे मजबूत इमारत, हा समज आपण सोडायला हवा, असं मी पूर्ण विचाराने म्हणतो. कॉलमवर उभी भेग वाढत असेल, तळमजल्यावर पिलरचं प्लास्टर फुगून सुटत असेल, दारं-खिडक्या अचानक अडकू लागल्या असतील, तर आधी घराबाहेर पडा, शेजाऱ्यांना उठवा, पनवेल महापालिकेला आणि अग्निशमन दलाला कळवा. तक्रार नंतर करता येईल.

गावठाणातल्या इमारतींबद्दल एक शब्द. नवी मुंबईसाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या, त्या गावांमध्ये मूळ रहिवाशांनी गरजेपोटी बांधलेली घरं आहेत, आणि त्यांच्या नियमितीकरणाचा प्रश्न त्यांच्या हक्काचा आहे. पण अशा जागी उभ्या राहिलेल्या बहुमजली इमारतीत बाहेरचा माणूस घर घेतो, तेव्हा ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नाही, रेरा नोंदणी नाही, सोसायटी नाही अशी वेळ येऊ शकते. मग वर सांगितलेले बहुतेक दरवाजे बंद होतात. हा दोष फिनॉल्फ्थलीनने दिसत नाही. त्यासाठी टोकन देण्याआधी कागद मागावे लागतात.

खारघरच्या पहिल्या इमारती आता तिशीच्या उंबरठ्याकडे चालल्या आहेत आणि नव्या इमारतींचे ताबे रोज दिले जात आहेत. तुमची इमारत नव्यांपैकी असेल, तर आज कपाटातून ताब्याचं पत्र काढा. त्यावरच्या तारखेत पाच वर्षं मिळवा. येणाऱ्या तारखेच्या आधीचा शेवटचा पावसाळा कुठला ते पाहा, आणि त्या पावसाळ्यात, भर श्रावणात, भिंती ओल्या असतानाच इंजिनीअरला घरी बोलवून तपासणी करून घ्या. दोष निघाला तर त्या तारखेच्या आधी बिल्डरला लेखी कळवा. तारीख उलटली की हा सोपा रस्ता संपतो, आणि तीच दुरुस्ती बहुधा तुमच्या पैशाने होते.